कोरी जागा आणि छापील चौकट



आपल्या आयुष्यातील महत्त्वाच्या घटनांची नोंद बहुधा एखाद्या छापील नमुन्यावर झालेली असते. जन्म, शाळेतील प्रवेश, परीक्षेतील गुण, नोकरी, जमिनीची खरेदी, विवाह आणि अखेरीस मृत्यू, या प्रत्येकासाठी कोणी तरी आधीच एक कागद छापून ठेवलेला असतो आणि त्यात आपल्यासाठी थोडीशी कोरी जागा सोडलेली असते. छापील भाग एकाने एका ठिकाणी सिद्ध केलेला असतो. कोरी जागा दुसरा कोणी, दुसऱ्या ठिकाणी, कदाचित कित्येक वर्षांनी भरतो. या दोघांची गाठभेट कधी होत नाही. तरीही दोघांचे लेखन एकमेकांशी तंतोतंत जुळावे, अशी अपेक्षा मात्र असते.

हातात लेखणी असते तोवर ही अपेक्षा सहज पुरी होते. लेखणीच्या जागी यंत्र आले की ती अवघड होऊन बसते. आज वर्ड प्रोसेसरवर मजकूर तयार करून तो छापील प्रमाणपत्राच्या किंवा धनादेशाच्या नेमक्या रकान्यात उतरवू पाहणारा लेखनिक जी झटापट करतो, ती वरवर क्षुल्लक वाटते. नाव ओळीच्या वर तरंगते, तारीख चौकटीबाहेर पडते, रक्कम शेजारच्या रकान्यात घुसते आणि एक एक मोलाचा कागद वाया जातो. परंतु या झटापटीस सुमारे पावणेसहाशे वर्षांचा इतिहास आहे. आणि तो इतिहास केवळ यंत्रांचा नाही. आधी छापणाऱ्याने नंतर भरणाऱ्याचा विचार कितपत केला, याचा तो इतिहास आहे.

त्याचा प्रारंभ जर्मनीतील माइन्त्स या शहरी होतो. तेथे योहान गुटेनबर्ग याने सुट्या खिळ्यांनी छापण्याची कला सिद्ध केली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याचे नाव घेतले की बेचाळीस ओळींचे भव्य बायबल डोळ्यांपुढे येते. परंतु त्या बायबलचे काम चालू होते त्याच सुमारास त्याच शहरात एक साधासा एकपानी कागदही छापला जात होता. ते होते क्षमापत्र. सायप्रस बेटाचे तुर्कांपासून रक्षण करण्यासाठी द्रव्य जमवावयाचे होते, आणि जो द्रव्य देईल त्यास पापाच्या शिक्षेतून सूट मिळाल्याचे पत्र पोप पाचवा निकोलस याच्या अधिकाराने दिले जात होते. अशी पत्रे पूर्वी लेखक हाताने लिहीत. आता ती छापण्यात आली. त्यांपैकी एका प्रतीवर २२ ऑक्टोबर १४५४ ही तारीख आहे. सुट्या खिळ्यांनी छापलेला आणि तारीख निश्चितपणे सांगता येणारा युरोपातील सर्वांत जुना कागद म्हणून आज तिचा निर्देश केला जातो.

या क्षमापत्राच्या एका आवृत्तीत एकतीस ओळींचा लॅटिन मजकूर आहे. तो सर्वांना सारखाच. वर्षही छापलेलेच. परंतु घेणाऱ्याचे नाव, दिवस आणि महिना यांसाठी मधूनमधून जागा मोकळी सोडलेली आहे. ती लेखणीने भरावयाची. म्हणजे युरोपात मुद्रणकलेच्या पहाटेसच ग्रंथाबरोबर छापील नमुनाही जन्मास आला. ग्रंथाने वाचक निर्माण केला, तर या कागदाने अर्जदार निर्माण केला. आणि माणसाच्या नावास किती जागा पुरे, हा निर्णय त्या माणसाने नव्हे, तर खिळे जुळविणाऱ्या कारागिराने केला, तोही त्या माणसास न पाहता. तेव्हापासून आजतागायत ही रीत बदललेली नाही.

मोकळ्या जागेत लिहिण्याचे काम लेखणीस जड गेले नाही. नाव लांब असेल तर लिहिणारा अक्षर बारीक करतो. ओळ वाकडी असेल तर हातही तितकाच वाकडा नेतो. डोळा जागा पाहतो, हात तिच्याशी जुळवून घेतो. परंतु एकाच कागदावर दोनदा छापावयाचे झाले तर काय होते, याचा अनुभव गुटेनबर्गच्या कारखान्यास लवकरच आला. बायबलच्या आरंभीच्या काही पानांवर ठळक शीर्षके तांबड्या शाईने छापण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी तोच कागद पुन्हा एकदा दाबाखाली घालावा लागे. थोड्याच पानांनंतर तो खटाटोप सोडून देण्यात आला आणि तांबडा मजकूर हाताने लिहिण्यासाठी जागा मोकळी ठेवण्यात आली. पुढे १४५७ मध्ये फुस्ट आणि शफर यांनी माइन्त्स येथेच स्तोत्रसंहिता छापली, तीत काळ्याबरोबर तांबडा आणि निळा रंगही नेमक्या जागी बसलेला दिसतो; परंतु त्या अचूकपणासाठी केवढे श्रम पडले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

हातछपाईच्या कारागिरांनी या अडचणीवर एक साधा उपाय योजला. कागद ज्या चौकटीवर ठेवीत तिला दोन टोकदार सुया बसविलेल्या असत. पहिल्या छपाईच्या वेळी त्या कागदास टोचत. दुसऱ्या छपाईच्या वेळी कागद त्याच छिद्रांवर बसविला की तो पहिल्या जागी येई. कागदाची कडा फसवी असते, ती कापताना कमीजास्त होते. परंतु एकदा पडलेले छिद्र हलत नाही. दोन छपायांचा मेळ घालावयाचा तर दोहोंसाठी एकच स्थिर खूण हवी, हे तत्त्व तेथे प्रथम हाती लागले. पुढच्या सर्व कथेत आपल्याला तेच पुनःपुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे हे तत्त्व निराळ्या रूपाने लेखनिकांच्या अंगवळणी पडलेले होते. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग शिरोरेषा ओढीत असे आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लोंबत ठेवीत जाई. चौकट आधी, मजकूर मागाहून. पण दोन्ही एकाच हाताची. इंग्रजी अमदानीत महसुलाचे दप्तर छापील नमुन्यांत बांधले गेले, तेव्हा चौकट सरकारी छापखान्याची आणि मजकूर गावच्या तलाठ्याचा, अशी वाटणी झाली. आपण ज्याला सहज ‘सातबारा’ म्हणतो, तो वस्तुतः गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन छापील तक्त्यांचा जोड होय. एकात जमिनीवरील हक्क, दुसऱ्यात पिकांची नोंद. हस्तलिखित सातबाऱ्यात जुने नाव कंसात घातलेले दिसे, फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिलेला आढळे, आणि वारसांची संख्या वाढली की नवी नावे दोन ओळींच्या फटीत दाटीने बसविलेली दिसत. छापखान्याने चार वारसांची जागा ठेवली असली तरी तलाठ्याची लेखणी तेथे नवांची सोय करी. हाताच्या लवचिकपणावर कठोर नमुना कसा निभावून नेला जातो, याचे यापरते चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हा लवचिकपणा टंकलेखन यंत्राने हिरावून घेतला. शोल्स आणि ग्लिडन यांचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले आणि पुढच्या काही दशकांत कचेऱ्यांचे स्वरूपच पालटले. लेखणी हवी तेथे टेकते. यंत्र मात्र पावले मोजून चालते. प्रचलित इंग्रजी यंत्रांत एका इंचात दहा अक्षरे बसत, काहींत बारा. रूळ फिरला की कागद एक षष्ठांश इंचाने वर सरके, म्हणजे इंचाला सहा ओळी. या पावलांच्या मध्ये यंत्रास जागा ठाऊक नसे.

आता नमुने होते लेखणीच्या काळातले. समजा, त्यांतील ओळी एकमेकींपासून तीन अष्टमांश इंचांवर आखलेल्या आहेत. टंकलेखक दोन पावलांनी, म्हणजे एक तृतीयांश इंचाने पुढे जातो. प्रत्येक ओळीस फरक पडतो इंचाच्या अवघ्या चोविसाव्या भागाचा. पहिल्या ओळीत तो डोळ्यांना दिसतही नाही; परंतु चार ओळी झाल्या की अक्षरे पूर्ण एक पाऊल वर चढलेली असतात आणि आखलेली रेघ खाली दूर राहते. चूक लहान असते, पण ती साचत जाते. आणि साचत जाणारी चूक मोठ्या चुकीपेक्षा अधिक फसवी असते.

यंत्रे बनविणाऱ्यांनी यावर तोडगे काढले. रुळाच्या टोकाची कळ दाबली की दातेरी चाकाची पकड सुटे आणि रूळ हवा तितका फिरविता येई. कुशल टंकलेखक प्रत्येक ओळीस ही कळ दाबून, अक्षरपट्टी रेघेशी जुळवून मगच कळफलकास हात लावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॅब्युलेटर आला, त्यामुळे गाडा एका झटक्यात ठरलेल्या रकान्यावर जाऊन थांबू लागला. भारतात गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये पहिले देशी टंकलेखन यंत्र बनविले, आणि त्यानंतर कित्येक दशके न्यायालयांच्या आवारात झाडाखाली मेज मांडून बसलेले टंकलेखक मुद्रांकाच्या कागदावर, मुद्रेच्या खालची जागा नजरेने हेरून, करारनामे उमटवीत राहिले. त्यांची कला यंत्रात नव्हती. यंत्राच्या हट्टी पावलांना कागदाशी समेट करावयास लावणाऱ्या बोटांत होती.

परंतु खरे शहाणपण निराळ्या दिशेने आले. यंत्रास कागदाप्रमाणे वाकविण्याऐवजी कागदच यंत्राच्या मापाने का आखू नये, असा विचार पुढे आला. विसाव्या शतकाच्या मध्यास आंतरराष्ट्रीय व्यापारात एका मालासाठी कित्येक प्रकारची कागदपत्रे करावी लागत. बीजक, जहाजावर माल चढविल्याची पावती, जकातीची विवरणे, विम्याचे पत्र. आणि प्रत्येकात पाठविणाऱ्याचे नाव निराळ्या कोपऱ्यात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाने १९६३ मध्ये या सर्वांसाठी एक सामाईक आराखडा मान्य केला. पाठविणारा नेहमी येथे, घेणारा नेहमी त्याच्या खाली, मालाचे वर्णन नेहमी या पट्ट्यात. एकदा मूळ प्रत टंकलिखित केली की तिच्यावरून बाकीची कागदपत्रे काढता यावीत, हा हेतू. पुढे नमुन्यांच्या आखणीचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. त्यात उभे अंतर एक षष्ठांश इंचाच्या आणि आडवे अंतर एक दशांश इंचाच्या पटीत धरले गेले. ही मापे कोठून आली, हे आता सांगावयास नको. ती टंकलेखन यंत्राची पावले होत. भारतानेही निर्यातीच्या कागदपत्रांसाठी ही जुळणीची पद्धत पुढे स्वीकारली. चौकट आखणारा आणि चौकट भरणारा यांनी एकच मोजपट्टी वापरावी, एवढेच तिचे सूत्र होते. पण ते सूत्र सुचावयास क्षमापत्रांनंतर पाचशे वर्षे जावी लागली.

दरम्यान संगणक आला होता. १९५९ मध्ये आय.बी.एम. कंपनीने आपल्या १४०१ या संगणकाबरोबर १४०३ हा ओळ-मुद्रक जाहीर केला. तो मिनिटाला सहाशे ओळी छापी. एवढ्या वेगाने धावणारा कागद डोळ्यांनी जुळविणे अशक्यच. म्हणून लांबलचक, घडीघडीचा सलग कागद वापरीत. त्याच्या दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या इंचावर छिद्रे असत आणि मुद्रकाचे दाते त्या छिद्रांत अडकून कागद पुढे नेत. हातछपाईच्या चौकटीतील त्या दोन सुयांचेच हे वंशज! नमुना कोठे सुरू होतो हे मुद्रकास कळावे म्हणून त्यात कागदाच्या पट्टीचे एक वेटोळे फिरत असे. त्या पट्टीवर बारा रांगांत भोके पाडता येत. पहिल्या रांगेतील भोक म्हणजे नव्या नमुन्याचा माथा. पगारपत्रके वा धनादेश छापण्यापूर्वी नावाच्या जागी नुसत्या फुल्या आणि रकमेच्या जागी नुसते नऊ आकडे छापून पाहण्याची रीत होती. फुल्या चौकटीत बसल्या की मगच खरी नावे सोडावयाची.

आपल्या देशात असंख्य लोकांना या प्रकारच्या छपाईचा परिचय झाला तो रेल्वेच्या तिकिटामुळे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले आणि क्रमाने ते देशभर पसरले. आधीच छापलेल्या तिकिटावर टिंबाटिंबांची अक्षरे उमटविणारा मुद्रक खिडकीपलीकडे कर्कशपणे वाजू लागला. कधी कागद थोडा सरके आणि गाडीचा क्रमांक तारखेच्या मथळ्याखाली जाई. प्रवासी मात्र ते तिकीट उलटसुलट करून अर्थ लावीत. मनुष्याच्या डोळ्याने यंत्राची चूक सांभाळून घेतल्याचे असे प्रसंग आपल्या संग्रही पुष्कळ असतील.

वर्ड प्रोसेसर या कथेत आला तो टंकलेखन यंत्राचा वारस म्हणून. १९६४ मध्ये आय.बी.एम.ने चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे टंकलेखन यंत्र काढले, आणि १९७८ च्या सुमारास वर्डस्टार हा आज्ञावलीसंच लहान संगणकांवर आला. वर्डस्टारचे जग अजून टंकलेखन यंत्राचेच होते. पान म्हणजे सहासष्ट ओळी, कारण अकरा इंचांच्या कागदावर इंचाला सहा या हिशेबाने तितक्याच मावतात. डावीकडची मोकळी जागा अक्षरांत मोजावयाची, वरची ओळींत. नमुना भरावयाचा तर कागदावर पट्टी ठेवून ओळी आणि रकाने मोजीत, आणि पडद्यावर तितक्या वेळा परत-कळ व अंतर-कळ दाबीत. नावांची यादी एका ठिकाणी व पत्राचा साचा दुसऱ्या ठिकाणी ठेवून दोहोंचा संगम करण्याची सोयही आली. एक अक्षर म्हणजे एक दशांश इंच, हे समीकरण जोवर टिकले, तोवर ही पद्धत रुक्ष असली तरी विश्वासू होती.

ते समीकरण मोडले ते सुंदर अक्षरांमुळे. १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा लेझर मुद्रक आला आणि कचेरीच्या मेजावर छापखान्यासारखी अक्षरे उमटू लागली. छापखान्याच्या अक्षरांत प्रत्येकाची रुंदी निराळी. आणि कोऱ्या अंतराची रुंदी तर अक्षराच्या आकाराप्रमाणे बदलणारी. अंतर-कळ वीस वेळा दाबून रकाना गाठणाऱ्याचा सगळा हिशेब कोसळला. एका नावाच्या जागी दुसरे, लांब नाव घातले की त्यापुढचे सर्व काही सरके. जी सवय टंकलेखन यंत्रावर सद्‌गुण होती, तीच येथे दोष ठरली. कित्येक कचेऱ्यांत अजूनही ती सवय जुळणीच्या आड येते.

यातून निघण्याची वाट म्हणजे मोजणी अक्षरांत न करता अंतरात करणे. मजकूर अमुक ओळीवर नव्हे, तर कागदाच्या वरच्या कडेपासून इतक्या मिलिमीटरवर आणि डाव्या कडेपासून इतक्या मिलिमीटरवर, असे सांगणे. १९८८ च्या वर्डपर्फेक्टमध्ये ठरावीक स्थानी जाऊन छापण्याची आज्ञा होती. पुढे वर्डसारख्या संचांत मजकुराच्या स्वतंत्र चौकटी पानावर हव्या तेथे रोवून ठेवता येऊ लागल्या; किंवा ओळींची उंची पक्की बांधलेला, रेषा न दिसणारा तक्ता आखून त्याच्या घरांत मजकूर घालता येऊ लागला. मजकूर कितीही बदलला तरी घर हलत नाही. कोऱ्या नमुन्याचे छायाचित्र त्याच्या खऱ्या आकारात पडद्यावर मजकुराच्या मागे ठेवावयाचे, त्यावर मजकूर बसवावयाचा आणि छापताना ते चित्र वगळावयाचे, ही युक्तीही पुष्कळांनी आपलीशी केली. वर्डच्या काही जुन्या आवृत्त्यांत तर नमुना न छापता फक्त भरलेली माहिती छापावी, असा पर्यायच दिलेला होता.

इतके करूनही जुन्या टंकलेखकाची ती साचत जाणारी चूक येथेही दबा धरून बसलेली असते. समजा, नमुन्यावरील ओळी आठ मिलिमीटर अंतरावर आहेत. वर्ड प्रोसेसर उंची बिंदूंत मोजतो. बिंदू म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. आठ मिलिमीटरचे होतात सुमारे २२.६८ बिंदू. कोणी सोयीसाठी तेवीस धरले, तर वीस ओळींच्या शेवटी मजकूर सव्वादोन मिलिमीटर खाली घसरलेला आढळतो. छपाईच्या वेळी पान कागदात मावविण्यासाठी आकार आपोआप लहान करण्याची सोय असते. ती अनवधानाने चालू राहिली आणि आकार शेकडा तीनने कमी झाला, तर दोनशे मिलिमीटरचे अंतर एकशे चौऱ्याण्णव होते. नमुना छायाप्रतीवरून काढलेला असेल तर तोच मुळापेक्षा किंचित लहानमोठा असू शकतो. आणि कागद ओढून घेताना लेझर मुद्रक एखाददुसरा मिलिमीटर इकडेतिकडे करतोच. म्हणून अनुभवी लेखनिक आधी साध्या कागदावर छापतो, तो नमुन्यावर ठेवून दोन्ही उजेडासमोर धरतो आणि किती सरकले ते पाहतो. संगणकयुगातील या कामाची शेवटची कसोटी अजूनही खिडकीतील उजेड आणि माणसाचा डोळा हीच आहे.

मराठी लेखनिकापुढे आणखी एक अडचण असते. रोमन अक्षरे रेघेवर उभी राहतात. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. त्यांच्या माथ्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि पायाशी उकार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या अरुंद ओळीत ‘पूर्णिमा’ हे नाव घातले तर वर रफार आणि वेलांटी वरच्या रेघेला भिडतात, खाली उकार खालच्या रेघेवर चढतो. संगणकावर भारतीय लिपी आणण्याचे काम कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी राष्ट्रीय संकेतमानकही निश्चित झाले. यंत्र मराठी लिहू लागले. परंतु जो नमुना आखला तेव्हाच मराठी अक्षराच्या उंचीचा विचार झालेला नाही, तेथे यंत्राचे शहाणपण फारसे चालत नाही.

अखेर यंत्रांनी या जुन्या कोड्यास बगल दिली. आय.बी.एम.ने १९७५ मध्ये जाहीर केलेल्या ३८०० या लेझर मुद्रकात नमुन्याचे चित्र प्रकाशाने उमटवून चौकट आणि मजकूर एकाच वेळी छापण्याची सोय होती. तेव्हा ती मोठ्या आस्थापनांनाच परवडे. १९९३ मध्ये पीडीएफ आले, तीन वर्षांत त्यात भरता येण्याजोगे रकानेही आले, आणि साध्या कचेरीतही नमुना व उत्तर एकत्रच कागदावर उतरू लागले. आज संगणकावरून निघणारा सातबारा असाच असतो. जेथे दोन छपायाच नाहीत तेथे जुळवाजुळवीचा प्रश्न कसला? आधी छापून ठेवलेला कागद आता मुख्यत्वे तेथेच उरला आहे, जेथे कागदालाच अधिकार असतो: बँकेचा धनादेश, विद्यापीठाची पदवी, मुद्रांक. तेथे चौकट केवळ सोयीची नसते, ती साक्षीची असते. म्हणून तेथे अजूनही कोणी तरी पट्टी हातात घेऊन मिलिमीटर मोजीत असतो, कारण तो कागद वाया गेला तर दुसरा सहज मिळत नाही.

मात्र यावरून कोडे सुटले असे समजणे घाईचे होईल. अक्षर जागी बसले. माणूस बसला का? मराठी रीतीने स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग होतात आणि तीन रकान्यांचा नमुना आपल्याला स्वाभाविक वाटतो. परंतु आपणांपैकी जे चेन्नईत वा बंगळूरात राहतात, त्यांचे कित्येक शेजारी आडनाव लावीतच नाहीत. वडिलांचे किंवा गावाचे आद्याक्षर तेवढे नावाआधी येते. त्यांनी तिसऱ्या रकान्यात काय लिहावे? हस्तलिखित नमुन्यात ते रेघ ओढून मोकळे होत किंवा समासात खुलासा लिहीत. संगणकाच्या नमुन्यास समास नसतो. ‘हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ असे तो निर्विकारपणे सांगतो. छापील चौकटीबाहेर जाणारे अक्षर निदान कागदावर दिसत तरी होते. आता चौकटीबाहेरचे जे असेल ते उमटतच नाही.

तलाठ्याने दोन ओळींच्या फटीत दाटीने लिहिलेली ती नावे येथे आठवतात. ती दिसावयास ओबडधोबड होती, पण त्या फटीमुळे एखाद्या वारसाचा हक्क कागदावर राहिला. सुबकपणा हा जुळणीचा एक भाग झाला. दुसरा भाग असा की ज्याचे नाव लिहावयाचे आहे त्यास पुरेशी जागा असावी. पहिल्याची काळजी आता यंत्र घेते. दुसऱ्याची काळजी, गुटेनबर्गच्या त्या अज्ञात जुळाऱ्याप्रमाणेच, नमुना आखणाऱ्या माणसासच घ्यावी लागते. त्याने नमुना छापण्यापूर्वी दहा निरनिराळ्या प्रांतांतील नावे त्यात भरून पाहिली, एखादे जोडाक्षरांनी भरलेले लांब नाव आणि एखादे एकाच शब्दाचे नाव घालून पाहिले, तर पुष्कळ लोकांचे हेलपाटे वाचतील. पूर्वीचे यंत्रचालक खऱ्या नावांआधी फुल्या छापून चौकट तपासीत. आताच्या नमुनाकाराने खरी नावे घालूनच ती तपासावी, एवढेच सांगावयाचे आहे.